पफिनचा खटला आणि घरगुती देशांची तिकिटं

मंडळी, पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'मायक्रोनेशन्सची तिकिटं आणि नाणी : संग्रह व निर्मिती' असा छापलाय. त्यातला 'निर्मिती' हा शब्द वाचून आमच्या सोसायटीतले एक वकील मुद्दाम आलेत. तिसऱ्या रांगेत बसलेत. या, वकीलसाहेब. तुमचं काम शेवटी निघणार आहे, तोवर चहा घ्या.

इथं बसलेल्यांना पेनी ब्लॅक काय नि सिंध डाक काय, ही पहिलीवहिली तिकिटं समजावून सांगायला नको. मायक्रोनेशनही बहुतेकांना माहीत असेल. कुणीतरी आपलं शेत, बेट किंवा समुद्रातला एखादा पडका मनोरा धरून बसतो आणि जाहीर करतो की हा माझा देश. जगातलं एकही सरकार त्याला मानत नाही. या देशांना सैन्य नसतं, शाळा नसते, बरेचदा संडासही एकच असतो. पण तिकीट असतं. कारण उघड आहे. देश असल्याचा एवढा स्वस्त पुरावा दुसरा नाही, आणि हा पुरावा विकताही येतो.

आता माझी तक्रार. ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, हे आयोजकांना ठाऊक आहे, तरी त्यांनी बोलावलं. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी इंग्लंडजवळच्या लंडी बेटाच्या तिकिटांची एक फ्रेम लावायला दिली. सोळा पानं, सगळी पाकिटं खरोखर टपालातून गेलेली. परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, ''हे सिंड्रेला आहेत. खेळण्यातली तिकिटं. स्पर्धेत नाही घेता येणार.'' सिंड्रेला म्हणजे सरकारी टपालखात्यानं न काढलेली, तिकिटासारखी दिसणारी तिकिटं. बरं, नियम असेल. माझं म्हणणं एवढंच की शेजारच्या फ्रेमला पदक मिळालं. विषय होता चंद्रयात्रा. आणि पानामागून पान आखातातली अजमान, फुजैरा आणि मनामा!

हसताय म्हणजे तुमच्याही वहीत आहेत. आपल्या पिढीत कुणाच्या वहीत नाहीत? 'शंभर निरनिराळी तिकिटं' असं पाकीट घेतलं की त्यात ही यायचीच. मोठी, चकचकीत, अपोलो, केनेडी, मांजरं, जुनी युरोपियन चित्रं. वर शिक्का बसलेला आणि मागं डिंक शाबूत. लहानपणी मला वाटायचं, या लोकांकडे डिंक न भिजवता पाकिटाला तिकीट चिकटवायची काहीतरी युक्ती असणार.

युक्ती होतीच, पण वेगळी. फिनबार केनी नावाच्या अमेरिकन तिकीट-व्यापाऱ्यानं १९६४ मध्ये अजमानच्या शेखांशी करार केला. तिकिटं बाहेर छापायची, बाहेरच शिक्के मारायचे आणि तिथूनच जगभरच्या पोरांना विकायची. असल्या करारांचं पेव फुटलं. मनामा म्हणजे बहरीनची राजधानी नव्हे बरं का, अजमानच्या मालकीचा आतल्या बाजूचा एक छोटा तुकडा. त्याच्याही नावानं तिकिटांचे संचच्या संच निघाले. ज्या गावातून दिवसाला किती पत्रं निघत असतील देव जाणे, त्याच्या नावावर मोनालिसा. १९७१-७२ मध्ये संयुक्त अरब अमिराती झाली आणि हा सगळा बाजार बंद पडला.

तर मुद्दा असा. अजमान हे खरं संस्थान, त्याला खरा शेख, आणि तिकिटं मात्र पत्राच्या वाऱ्यालाही न उभी राहिलेली. लंडीला ना राजा ना मान्यता, पण त्या तिकिटावर पत्रं गेली, आजही जातात. परीक्षक देश खरा आहे का ते बघतात. मी म्हणतो, पत्र गेलं का ते बघा. नाण्याच्या बाबतीत, त्यावर काही विकत मिळालं का ते बघा. एवढंच मला आज सांगायचंय. बाकी सगळा फराळ आहे.

लंडी. इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटरवर, ब्रिस्टलच्या खाडीत. लांबट, वाऱ्यानं झोडपलेलं खडकाळ बेट. मेंढ्या, एक दारूचा गुत्ता, मूठभर माणसं आणि पफिन. पफिन म्हणजे तो जाड रंगीत चोचीचा, काळा कोट घातल्यासारखा दिसणारा समुद्रपक्षी. १९२५ मध्ये मार्टिन कोल्स हार्मन या लंडनच्या व्यावसायिकानं हे बेट विकत घेतलं. १९२७ च्या अखेरीला ब्रिटिश टपालखात्यानं तिथलं कार्यालय बंद केलं. हार्मननं पत्रांची ने-आण स्वतःच्या बोटीनं सुरू केली. आधी काही काळ फुकट. मग १ नोव्हेंबर १९२९ ला त्यानं तिकिटं काढली : अर्धा पफिन आणि एक पफिन. एक पफिन म्हणजे एक पेनी.

टपालखात्यानं काय करावं? खात्यानं म्हटलं, तुमचं तिकीट पाकिटाच्या मागच्या बाजूला लावा. पुढची बाजू राजाच्या तिकिटाची. लंडीचं तिकीट बेटापासून डेव्हनमधल्या बिडफर्डच्या टपाल कार्यालयापर्यंतचं भाडं, तिथून पुढं राजाचं. पुष्कळ वर्षांनी पुढच्या बाजूला परवानगी मिळाली, पण डावीकडे. उजवा कोपरा सोडायचा.

आता जरा आपल्याकडे या. ही व्यवस्था आपल्याला नवी आहे का? इथून, पुण्यातून, दीड-दोन तासांवर भोर. पंत सचिवांचं संस्थान. भोरनं १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली, अर्धा आणा आणि एक आणा. देशी कागदावर हातानं मारलेले लालसर ठसे. दातेरी कडा नाही, काही नाही, कात्रीनं कापून घ्यायचं. १९०१ मध्ये पंत सचिवांचं चित्र असलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट निघालं. ही तिकिटं संस्थानाच्या हद्दीतच चालायची. हद्दीबाहेर पत्र धाडायचं तर इंग्रज सरकारचं तिकीट हवं. मग लंडीत आणि भोरमध्ये फरक काय? भोरचं तिकीट स्टॅन्ली गिबन्सच्या तिकीट-कॅटलॉगात मानानं बसतं आणि लंडीचं सिंड्रेला. भोरबद्दल माझी तक्रार नाही, माझं आजोळ तिकडचंच. मला फक्त पंगतीत लंडीचं पान मांडायचंय.

पण हार्मन तिकिटांवर थांबला नाही. १९२९ मध्येच त्यानं बर्मिंगहॅमच्या टांकसाळीतून काशाची नाणी पाडून घेतली, दोन्ही किमतींची प्रत्येकी ५०,०००. एका बाजूला पफिन. दुसऱ्या बाजूला, जिथं पंचम जॉर्जचं मस्तक असायला हवं, तिथं हार्मनसाहेबांचं स्वतःचं! आकारानं हुबेहूब ब्रिटिश पेनी आणि अर्ध्या पेनीएवढी. कडेवर अक्षरं : 'लंडी लाइट्स अँड लीडिंग'. ही नाणी बेटावर चालली. गुत्त्यात चालली, दुकानात चालली. म्हणजे माझ्या कसोटीला पूर्ण उतरली, आणि नेमकी त्यामुळेच पकडली गेली.

१८७० च्या ब्रिटिश नाणे कायद्याचं पाचवं कलम. सरकारी टांकसाळीखेरीज कुणी धातूचा तुकडा नाणं म्हणून किंवा पैशाच्या बदल्याचं टोकन म्हणून पाडायचा नाही, चालवायचा नाही. १९३० मध्ये हार्मनवर खटला झाला. त्याचा बचाव असा की लंडी इंग्लंडच्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. बिडफर्डच्या न्यायाधीशांनी ऐकलं आणि पाच पौंड दंड केला. हा गडी लंडनच्या वरच्या कोर्टात अपिलात गेला, १९३१ मध्ये तिथंही हरला. खर्चाच्या पंधरा गिनी वेगळ्याच. नाणी बंद. तिकिटांना मात्र कुणी हात लावला नाही. वकीलसाहेब मान डोलावताहेत. पंधरा गिनी या आकड्यावर डोलावली, मी पाहिलं.

या माणसाचं पुढं चांगलं झालं नाही. १९३२ मध्ये दिवाळं, १९३३ मध्ये फसवणुकीबद्दल तुरुंग. बेट मात्र कुटुंबाकडे राहिलं, ते १९६९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेलं, आणि लँडमार्क ट्रस्ट ते सांभाळतो. तिकिटं अजून निघतात, दर पफिनमध्येच. माझ्याकडे १९२९ चा एक पफिन आहे, तो आता फिरवतो. कडेनं धरा. आणि परत द्या, या सभागृहाचा इतिहास मला माहीत आहे...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' आणि निर्मितीचं मी अजून उघडलंच नाही. तर भराभर.

तिकीट काढणं सोपं. चित्र, ऑफसेटचा छापखाना, डिंकाचा कागद, दातेरी भोकं पाडायचं यंत्र. भोकं दोन सेंटिमीटरमध्ये किती, हे मोजायचं आपलं जुनंच व्यसन. घरगुती देशांची तिकिटं ओळखायला पुष्कळदा हेच उपयोगी पडतं, कारण दुसरी छपाई करताना यंत्र बदललेलं असतं. आपल्याकडे हौस असेल तर टपालखात्याची 'माय स्टॅम्प' योजना आहे, २०११ पासून. आजोबांचा फोटो तिकिटाशेजारी येतो. देश काढावा लागत नाही.

नाण्याचं काम जड. मोठ्या आकाराचा नमुना, त्यावरून छोटा पोलादी साचा, मग कोऱ्या चकत्या, मग दाब. कडेवर अक्षरं हवी असतील तर आणखी उपद्व्याप. सगळा खर्च साच्यात जातो. म्हणून दहा नाणी पाडणं परवडत नाही आणि दहा हजार खपत नाहीत. मग हे देश काय करतात? चांदीची, मोठ्या किमतीची नाणी पाडतात. उत्तर समुद्रातल्या मनोऱ्यावरचं सीलँड, १९६७ चं, त्यानं १९७२ मध्ये दहा डॉलरचं चांदीचं नाणं काढलं. माझा आडाखा असा : किंमत बघा. अर्धी पेनी पाडणाऱ्याला नाणं चालवायचं असतं, शंभर डॉलर पाडणाऱ्याला विकायचं असतं. दोन्ही गोळा करा, पण खोके वेगळे ठेवा.

ऑस्ट्रेलियातलं हट रिव्हर. गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडून लेनर्ड केस्ली या शेतकऱ्यानं १९७० मध्ये शेत वेगळं काढलं. तिकिटं काढली, १९७६ पासून नाणी. तिथल्या टपालखात्यानं मध्यंतरी त्यांचं टपाल नाकारलं, तेव्हा पत्रं कॅनडामार्गे जायची. त्या काळातलं पाकीट कुणाकडे असेल तर मला भेटल्याशिवाय जाऊ नका. २०२० मध्ये करांच्या थकबाकीखाली तो देश मिटला. इटलीत रिमिनीसमोर जॉर्जिओ रोझा या अभियंत्यानं समुद्रात खांबांवर चौथरा बांधला, १ मे १९६८ ला स्वातंत्र्य, राजभाषा एस्पेरांतो, आणि अर्थात तिकिटं. इटलीनं १९६९ मध्ये सुरुंग लावून तो उडवला. त्यावरही तिकीट निघालं! देश बुडाला तरी तिकीट निघालं, मात्र पत्र कुठून टाकायचं हा प्रश्न राहिला, म्हणून ते माझ्या दुसऱ्या खोक्यात.

इटलीतल्या सेबोर्गाचं लुईजिनो हे नाणं, अमेरिकेतल्या मोलोसियाचं बिस्किटाच्या पिठाशी बांधलेलं चलन, हे सगळं राहिलं. पुन्हा बोलवा.

वकीलसाहेब, तुमचं. आपल्याकडे १८८९ पासून धातूच्या टोकनांचा वेगळा कायदा होता, २०११ च्या नाणे कायद्यात तो विषय सामावला. पैसा म्हणून वापरायचा धातूचा तुकडा खासगीत पाडायला मनाई आहे. तेव्हा सोसायटीचं नाणं काढायचा जो ठराव गच्चीवरच्या सभेत आला होता, तो मागं घ्यावा. पुठ्ठ्याची कुपनं चालतील.

आणि ज्यांची मुलं-सुना इंग्लंडात आहेत त्यांना एक विनंती. उन्हाळ्यात बिडफर्ड किंवा इल्फ्राकूमहून लंडीला बोट जाते. तिथून एक पोस्टकार्ड टाकायला सांगा. कोरी तिकिटं आणू नका, ती दुकानातही मिळतात. टपालातून आलेलं कार्ड हवं, शिक्का तिकीट आणि कार्ड दोन्हींवर पडलेला. तिकीट डावीकडे लावायला सांगा. आणि पत्ता पिनकोडसकट, नाहीतर कार्ड लंडीहून पुण्यापर्यंत येतं आणि जीपीओत बसून राहतं.