आजीचं मत आणि 'बाकीचे कोण?'

(दृश्य: पंचवटीतलं जुनं घर. ओसरीवर आरामखुर्ची.)

मे २०२४. नाशिकमध्ये लोकसभेचं मतदान होतं २० तारखेला, पण आमच्या घरी मतदान केंद्र त्याआधीच येऊन गेलं. आजी तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मत देता येतं, म्हणून तिचा १२-ड चा अर्ज भरला होता. कर्मचारी आले, पोलीस आला, चित्रीकरण करणारा आला. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला. आजीनं चष्मा पुसला, मतपत्रिकेवरचं एकेक नाव वाचलं आणि आडोशामागून विचारलं, "यातले हे बाकीचे कोण रे?"

तिथे कुणीच उत्तर देऊ शकत नव्हतं. द्यायलाही नको होतं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

(दृश्य: पहाटेचा मजूर नाका. डबे, थापी, घमेली.)

मतदान सोपं व्हायलाच हवं. मतदानाच्या दिवशी रोजंदारीवरच्या माणसालाही पगारी सुटी द्यावी, असं कायदा सांगतो. पण नाक्यावर ज्याचा मालक रोज बदलतो, त्यानं ती मागायची कुणाकडे? त्याच्यासाठी केंद्र जवळ असणं, रांग छोटी असणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी वाचणं. "याला काय कळतं" म्हणत त्याची वाट अवघड ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

मात्र वाट सोपी झाली की माहिती आपोआप येते, हेही मला पटत नाही. आपल्या हातात पडणारी मतदार चिठ्ठी बघा. यादी भाग, अनुक्रमांक, केंद्राचा पत्ता. उमेदवाराबद्दल एक ओळ नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९८ साली लोकांनी टपाली मतदानाच्या बाजूनं कौल दिला. तिथे घरी मतपत्रिका येते, आणि निवडणुकीची सरकारी माहिती पुस्तिकाही येते. आपल्याकडे २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण, गुन्हे शपथपत्रात लिहावे लागतात. शपथपत्रं संकेतस्थळावर असतात. ती शोधायची आपण, उघडायची आपण, आणि स्कॅन केलेलं पान मोठं करून वाचायचंही आपणच.

(दृश्य: तपोवन. जुनी झाडं, खोडांवर हात ठेवून उभी माणसं.)

नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक. नळाला पाणी आलं नाही तर ज्याच्या दारात जाऊन उभं राहायचं, असा नगरसेवकच नव्हता. आणि ज्याला विचारता येत नाही, त्याच्याबद्दल माणूस माहिती तरी कशाला ठेवेल?

मग २०२५ च्या अखेरीस तपोवनाचा प्रश्न आला. २०२७ च्या सिंहस्थासाठी तिथे साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची वसाहत, आणि त्यासाठी तिथली झाडं तोडायचा प्रस्ताव. महापालिकेची पायरी न चढलेली माणसं हरकती लिहायला बसली. झाड तोडायला परवानगी कोण देतं, सूचना कुठे लागते, सुनावणी म्हणजे काय, हे लोकांनी एकमेकांना विचारून समजून घेतलं. कुठल्याही ॲपनं हे शिकवलं नव्हतं. आपलं काहीतरी जातंय, या भीतीनं शिकवलं.

(दृश्य: तिळगुळाचं ताट. टेबलावर मोबाइल.)

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान. १२२ जागा, ३१ प्रभाग, बहुतेक प्रभागांत चार-चार जागा. म्हणजे एका मतदारानं अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची. आदल्या दिवशी संक्रांत होती. पाहुणे गेल्यावर आजी म्हणाली, "त्या मोबाइलात शपथपत्रं असतात ना? वाच."

'अ'पासून सुरुवात केली. जमीन किती, कर्ज किती, खटले कोणते. मधेच ती थांबवायची: "हा तपोवनात आला होता का?" मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. 'ड'पर्यंत पोचायला अकरा वाजले. तिथल्या एका नावाबद्दल तिला काही आठवेना, मलाही नाही. आजीनं शेजारच्या काकांना फोन लावायला सांगितला.