उभ्या कामाखालची जमीन

मे महिन्यात नागपुरात कामाची वेळ ऊन ठरवते. दुपारी पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की पत्र्याच्या छपराखाली रंधा हातात धरवत नाही. म्हणून त्रिमूर्तीनगरातील एका घराच्या मागच्या पडवीत पहाटे साडेपाचलाच दिवा लागतो. तेथे राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ लकडगंजातून सागवानाच्या फळ्या आणतात आणि नऊ वाजेपर्यंत टेबलाशी उभे राहून काम करतात. साडेतीन तासांनंतर त्यांचे हात ताजे असतात, पण टाचा ठणकत असतात आणि पोटऱ्यांत गोळे आलेले असतात. त्यांच्या पायाखाली सिमेंटचा कोबा आहे, आणि त्यावर कोणती मॅट घालावी हा प्रश्न आहे.

आपल्याकडचा सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून काम करीत आला. लाकूड पायाच्या अंगठ्यांत किंवा तळव्याखाली दाबून धरायचे, पटाशी आणि करवत हातांनी चालवायची, अशी ती बैठक होती. कंबर-गुडघ्यांना तिचाही त्रास होताच; मात्र तासन्‌तास एका जागी उभे राहण्याचा प्रश्न तिच्यात नव्हता. घरगुती कार्यशाळेत उंच टेबल आले, त्याला लाकूड घट्ट पकडणारा व्हाइस बसला, आणि शरीराचा सगळा भार दोन तळव्यांवर आला.

चालण्याने जेवढा थकवा येत नाही तेवढा नुसते उभे राहण्याने येतो, याचे कारण पोटऱ्यांत आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आखडतात आणि सैल होतात, आणि त्या दाबाने पायांतील रक्त शिरांमधून वर हृदयाकडे ढकलले जाते. माणूस कडक जमिनीवर स्थिर उभा राहिला, की ही हालचाल जवळजवळ थांबते, रक्त खाली साचू लागते आणि तेच ते स्नायू सतत ताणलेले राहतात. थकवा कमी करणारी मॅट पायाखाली किंचित दबते व परत उसळते. त्यामुळे तोल सावरण्यासाठी पायांच्या सूक्ष्म हालचाली चालू राहतात. तिचे काम एवढेच आहे आणि ते पुरेसे महत्त्वाचे आहे.

येथेच बहुतेकांची निवड चुकते, कारण दुकानात आपण गादी निवडावी तशी मॅट निवडतो आणि अंगठा जितका खोल रुतेल तितकी ती चांगली समजतो. पिट्सबर्ग विद्यापीठातील चाम आणि रेडफर्न यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना वेगवेगळ्या पृष्ठभागांवर चार-चार तास उभे केले होते. पृष्ठभागांमधील फरक तिसऱ्या आणि चौथ्या तासात स्पष्ट झाला, आणि अधिक लवचीक, अधिक ताठ व ऊर्जा कमी शोषून घेणाऱ्या मॅटवर लोकांना कमी त्रास जाणवला. म्हणजे जी मॅट दाबल्यावर लगेच पूर्ववत होते ती उपयोगाची. जी पाय गिळून टाकते ती नव्हे. फार मऊ मॅटवर घोटा सतत डुगडुगतो, आणि हातात धारदार पटाशी असताना डुगडुगता पाय धोक्याचा असतो. शिवाय, दुकानात दोन मिनिटे उभे राहून घेतलेला निर्णय तिसऱ्या तासाबद्दल काहीच सांगत नाही.

तरीही दुकानात करता येण्यासारखी एक साधी परीक्षा आहे. मॅट कडक फरशीवर पसरून एका पायावर, सगळा भार टाचेवर घेऊन मिनिटभर उभे राहावे. टाचेला खालची फरशी जाणवली तर ती मॅट पातळ किंवा पोकळ आहे. गुडघा डळमळला तर ती गरजेपेक्षा मऊ आहे. पाय उचलल्यावर टाचेचा खळगा बराच वेळ तसाच राहिला, तर वर्षभरात ती तिथे कायमची दबेल. साधारण १० ते २० मिलिमीटर जाडी घरच्या कामाला पुरते, मात्र जाडीपेक्षा घनता अधिक मोलाची आहे.

नागपूरच्या हवामानात ही निवड आणखी अवघड होते. एकमेकांत अडकवायच्या रंगीत ईव्हीए फोमच्या (हलक्या प्लास्टिकच्या स्पंजसारख्या) चौकटी स्वस्त आणि हलक्या असतात. पण पडवीत ऊन येत असेल तर त्या आकसतात, त्यांचे सांधे उघडतात आणि त्या फटींत पायाचा अंगठा अडकतो. जुन्या टायरच्या भुग्यापासून बनवलेली मॅट टिकाऊ असते, परंतु बंद खोलीत उन्हाळ्यात तिचा वास असह्य होऊ शकतो. नैसर्गिक रबराची उसळी उत्तम असते, पण तेल हा त्याचा शत्रू आहे. विदर्भात जवस पिकते आणि लाकडाला जवसाचे तेल लावणारे हौशी कारागीर येथे आहेत. ते तेल वारंवार सांडले तर नैसर्गिक रबर फुगते आणि चिकट होते. तेलाचे, ग्रीसचे काम असणाऱ्याने नायट्राइल हे कृत्रिम रबर घ्यावे. ते महाग पडते, पण तेलाला दाद देत नाही.

या गृहस्थांनी मात्र एक वेगळा पर्याय पाहिला, आणि आम्हांला तो विचार करण्याजोगा वाटतो. गोठ्यात गाईंच्या पायांखाली घालतात ती रबरी मॅट त्यांनी शेतीसाहित्याच्या दुकानातून मागवली. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद आणि १७ मिलिमीटर जाडीच्या अशा भरीव मॅटचे वजन सहज ४५ किलोच्या आसपास जाते, त्यामुळे ती जागची हलत नाही आणि पटाशी हातातून निसटली तरी धार कोब्यावर आपटून मोडत नाही. ती अंगाने कडक असते, हे खरे. ज्याच्या टाचेचे दुखणे जुने आहे त्याला ती कदाचित पुरणार नाही. पण कोबा आणि गाईची मॅट यांतला फरक पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पोटऱ्यांना कळला.

मॅटचा पृष्ठभाग निवडताना कामाचा कचरा कसला आहे ते पाहावे. भोके असलेली मॅट पाणी आणि तेल खाली जाऊ देते, पण सुतारकामात तीच भोके भुशाने बुजतात आणि झाडू तेथे हतबल होतो. सुताराला सलग, हलक्या खरबरीत पाठीची मॅट हवी. कडा उतरत्या असाव्यात. उभ्या कडेला ठेच लागते, आणि फळी उचलून चालणाऱ्या माणसाला आपले पाय दिसत नसतात.

काही जागी मॅट घालूच नये. जेथे ग्राइंडर किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात तेथे फोमची मॅट वितळते आणि पेट घेऊ शकते. तेथे उघडी फरशीच बरी. टेबल-करवतीसमोर, लाकूड पुढे ढकलताना जेथे पाऊल टाकावे लागते, त्या वाटेत मॅटची कड येता कामा नये. आणि एक गैरसमज आवर्जून दूर करायला हवा: रबराची आहे म्हणून ही मॅट विजेच्या धक्क्यापासून वाचवते, असे मानू नये. त्यासाठीच्या विद्युतरोधक मॅटना आयएस १५६५२ हे वेगळे भारतीय मानक आहे. ते चिन्ह नसलेल्या मॅटवर विसंबून कोणी उघड्या तारांना हात लावू नये.

मापाच्या बाबतीत कंजुषी नडते. दोन फुटांचा तुकडा घेतला, की एक पाय मॅटवर आणि दुसरा कोब्यावर राहतो, आणि त्या फरकाने कंबर तिरकी होते. टेबल पाच फुटांचे असेल तर मॅट किमान तेवढी लांब असावी. ती घातल्यावर माणूस तिच्या जाडीएवढा उंच होतो, म्हणजेच टेबल तेवढे खाली जाते. रंधा मारणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो. या गृहस्थांना अखेर टेबलाच्या पायांखाली सागवानाचे ठोकळे द्यावे लागले.

त्यांनी अनवाणी काम करण्याची सवयही सोडली आहे. पटाशी पायावर पडू शकते, आणि घसरत्या स्लिपरमध्ये मॅटचा अर्धा लाभ वाया जातो. आता ते बंद बूट घालतात आणि तासाभराने उंच स्टुलावर पाच मिनिटे टेकतात. उन्हाळ्यात कूलरचे पाणी मॅटखाली शिरते आणि पावसाळ्यात कोबा ओल धरतो, म्हणून दर पंधरवड्याला मुलाच्या मदतीने ते मॅट उचलून भिंतीला उभी करतात, खालची बुरशी पुसतात आणि कोबा पूर्ण वाळल्यावरच ती पुन्हा खाली टाकतात.