लुईचा मंत्री आणि सुलेमान आगाची कॉफी

श्रोते हो, नमस्कार.

फ्रान्सचा चौदावा लुई आपल्याला शाळेपासून माहीत असतो. व्हर्सायचा राजवाडा, सूर्यराजा वगैरे. पण त्याचे तह ज्याने घडवले, तो ह्यूग द लिओन आपल्या पुस्तकांत कुठे भेटत नाही. इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्यांना राजेच का आवडतात, कोण जाणे. परीक्षेला सोपे जातात म्हणून असेल.

तर हा लिओन. जन्म १६११, गाव ग्रनोब्ल. मामा आबेल सेर्व्हियाँ हा मोठा मुत्सद्दी, त्याच्याच हाताखाली कारकुनीला सुरुवात झाली. पुढे मामावर दरबाराची गैरमर्जी झाली तेव्हा भाचा रोमला गेला, आणि तिथे त्याची माझारँशी ओळख झाली. माझारँ पुढे फ्रान्सचा सर्वेसर्वा झाला आणि लिओन त्याचा उजवा हात. मग रोममध्ये वकिली, म्हणजे राजदूताचं काम, १६५६ साली गुपचूप माद्रिदची वारी, त्यानंतर फ्रँकफुर्टला पवित्र रोमन सम्राटाची निवडणूक. नाव माझारँचं, मसुदे लिओनचे. हे ध्यानात ठेवा: नाव दुसऱ्याचं, मसुदे याचे.

१६५९ साली फ्रान्स आणि स्पेनचा पिरेनीजचा तह झाला. लुईचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी ठरलं. तिने माहेरच्या राज्यावरचा हक्क सोडायचा आणि बापाने पाच लाख सोन्याची नाणी हुंडा द्यायचा. हुंडा वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण इथे खुबी अशी की, हक्क सोडणं हे हुंडा मिळण्यावर अवलंबून ठेवलं होतं. पुन्हा सांगतो, हुंडा मिळाला तरच हक्क सुटला. ही कलमबाजी लिओनची, असं मानलं जातं. स्पेनच्या तिजोरीत खडखडाट होता. हुंडा काही आला नाही, आणि सासरा वारल्यानंतर दीड-दोन वर्षांतच, १६६७ साली, जावयाची फौज स्पेनच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये घुसली.

१६६३ साली लिओन रीतसर परराष्ट्रमंत्री झाला. त्यासाठी त्याने आधीच्या मंत्र्याला नऊ लाख लीव्र मोजले. तेव्हा पदं विकत मिळत, राजाच्या संमतीने, उघडपणे. उघडपणे, हा शब्द मी मुद्दाम वापरला. असो.

माणूस रंगेल. पत्ते, मेजवान्या, बायका, सगळे शौक. पण खलिते स्वतःच्या हाताने लिहायचा. हल्ली साहेबांचं दोन ओळींचं आभारपत्रसुद्धा दुसरंच कोणी लिहितं, म्हणून म्हटलं.

आता ज्यासाठी मी बसलोय, ती गोष्ट. साल १६६९.

फ्रान्स आणि तुर्कांचं त्या काळात बिनसलं होतं. इस्तंबूलमध्ये फ्रेंच वकिलाला नीट वागणूक मिळत नव्हती. इकडे क्रीट बेटावर फ्रेंच सैनिक तुर्कांविरुद्ध लढत होते. लुईने आपला वकील परत बोलावला, तेव्हा सुलतानाने चौकशीसाठी एक माणूस पाठवला. त्याचं नाव सुलेमान आगा. तूलाँ बंदरात तो उतरला आणि पॅरिसमध्ये एकच धांदल उडाली. हा कोण? राजदूत, की साधा खलिता पोचवणारा? राजदूत असेल तर थाट हवा. नसेल तर थाट केला म्हणजे आपलीच शोभा.

लिओनने ठरवलं, आमच्या वकिलाला तुमचा वजीर जसा वागवतो तसंच आम्ही तुम्हाला वागवणार. पॅरिसजवळ सीन नदीकाठी स्युरेन गावात त्याचं घर होतं. तिथे गालिचे अंथरले, उंच बैठक मांडली, तिच्यावर उशा-तक्के. आणि त्या बैठकीवर लांब झगा घालून, वजिराच्या तोऱ्यात, फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री! ग्रनोब्लचा हा गृहस्थ! पाहुण्याला कॉफी दिली, सरबत दिलं, अगदी तुर्की रिवाजाने. जन्मभर पडद्यामागे राहिलेला माणूस एकदाच पुढे आला, तोही सोंग घेऊन.

सुलेमान आगा कच्चा नव्हता. खऱ्या वजिरांच्या दरबारात वावरलेला माणूस तो. त्याने कॉफी घेतली, पण खलिता काही दिला नाही. खलिता राजाच्या हातातच देणार, म्हणाला. लिओनने घासाघीस केली. आगाचं एकच: राजाच्याच हातात.

शेवटी ५ डिसेंबरला साँ-जर्मँच्या राजवाड्यात भेट ठरली. लुई सिंहासनावर बसला तो अंगभर हिऱ्यांनी मढलेला पोशाख घालून. आणि आगा? साध्या लोकरी झग्यात आला. म्हणाला, सुलतानाचा खलिता घेताना राजाने उठून उभं राहावं. लुई उठला नाही. आगा नाराज. आणि तो खलिता पाहिला, तर त्यात आगाला राजदूत असं कुठेही म्हटलेलं नाही! ज्याच्यासाठी हिरे काढले, गालिचे अंथरले, तो राजदूत नव्हताच. सुलतानाचा घोडा शुक्रवारी याहून जास्त नटतो, असं आगा म्हणाल्याचं सांगतात. म्हणाला असो वा नसो, पॅरिसने ते मिटक्या मारत सांगितलं.

आगा पुढे काही महिने पॅरिसमध्येच राहिला. घरी येणाऱ्या सरदारांच्या बायकांना कॉफी पाजायचा आणि गप्पांतून दरबाराच्या बातम्या काढायचा. मार्सेयला कॉफी आधीच आली होती, पण पॅरिसला तिची चटक लागली ती इथे. (माझं मत विचाराल तर चहाच बरा, पण ते राहू दे.)

लुईच्या मनात मात्र सल राहिला. त्याने नाटककार मोलिएर आणि संगीतकार लूली यांना तुर्की सोंगांचं नाटक करायला सांगितलं, आणि तुर्की चालीरीती समजावायला पूर्वेकडे राहून आलेला शवालिए दार्व्हिए दिला. १४ ऑक्टोबर १६७० रोजी शाँबोरच्या किल्ल्यात ‘ल बूर्झ्वा जांतिल्योम’चा पहिला प्रयोग झाला. त्यात एका शेठजीला पगडी घालून खोटाखोटा तुर्की सरदार बनवतात. राजाने आगाची खोड काढायला सांगितली होती, पण पगडी चढवून बसलेला फ्रेंच माणूस पाहताना काही जणांना स्युरेनची बैठक आठवली नसेल, असं मला वाटत नाही. त्याच महिन्यात इकडे शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली, आणि तिथल्या फ्रेंच वखारवाल्यांनी मराठ्यांशी जुळवून घेऊन वखार वाचवली. झगा न घालताच!

लिओन मात्र फजितीने खचला नाही. त्याच १६७० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी डोव्हरचा गुप्त तह झाला. हॉलंडला एकटं पाडायचं हे लिओनचंच धोरण होतं. पण हॉलंडवरची स्वारी काही त्याने पाहिली नाही. १ सप्टेंबर १६७१ रोजी, साठी गाठण्याआधीच, तो गेला. राजाने त्याच्या जागी नेमला पोंपोन, आणि तो बसला होता स्वीडनमध्ये, वकील म्हणून. त्याला तिथून पॅरिसला पोचायलाच पुढचं वर्ष उजाडलं.

वेळ संपली. नमस्कार.