बिगमॅन परत आला, पण त्याला उभं कुठं करायचं?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर काळा फळा, त्यावर खडूनं आखलेलं अर्धं कोर्ट. बाजूला कॅरमच्या सोंगट्या.]

नमस्कार मंडळी.

तुमची बास्केटबॉलची टीम सलग हरतेय, पन्नास पॉइंटच्या पुढं स्कोअर सरकत नाही, आणि अशात तुमचा सहा फूट चार इंचाचा सेंटर, म्हणजे टीमचा सगळ्यात उंच गडी, आपला बिगमॅन, घोट्याची दुखापत बरी करून परत येतोय. सगळ्यांना हायसं वाटतं. आता काय, बॉल त्याच्याकडं टाकायचा आणि बास्केट मोजायच्या!

बहुतेक टीम इथंच फसतात. तो आल्या दिवशी बोर्डखाली जाऊन हात वर करून उभा राहतो. बाकी चौघं त्याला पास कसा द्यायचा एवढंच बघत बसतात. दोन मॅचनंतर लोक म्हणायला लागतात की तो नव्हता तेच बरं होतं. त्यात त्या पोराचा काही दोष नसतो. त्याला उभं केलेली जागा चुकीची असते.

[फळ्यावर सोंगट्या मांडत.]

पांढऱ्या सोंगट्या आपल्या, काळ्या त्यांच्या. लाल राणी म्हणजे बॉल.

लातूर असो, जालना असो की हिंगोली, कॉलेजच्या मॅचला समोरची टीम बहुधा 2-3 झोन लावून बसते, म्हणजे प्रत्येकजण माणूस नाही, आपापली जागा राखतो. मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकानं समोरचा एकेक खेळाडू धरायचा, हे पक्कं करायला वेळ लागतो, झोन लवकर बसतो. आणि उघड्या सिमेंटच्या कोर्टवर, वारा सुटलेला असताना लांबून कुणी फारसं मारणार नाही, हे त्यांच्या सरांनाही ठाऊक असतं. म्हणून वर दोन काळ्या, खाली तीन काळ्या.

आता आपला बिगमॅन बोर्डखाली ठेवतो. बघा, तो कुठं गेला? तीन काळ्यांच्या पोटात. आपला सगळ्यात मोलाचा गडी आपण त्यांच्या सगळ्यात दाट गर्दीत नेऊन बसवला. वरून त्याच्यामुळं आपल्या कट मारणाऱ्या पोरांची वाटही अडली. तो जखमी असताना टीम निदान पळत तरी होती, आता तेही थांबलं.

मग झोनमध्ये मोकळी जागा कुठं आहे? वरच्या दोघांच्या मागं आणि खालच्या मधल्या माणसाच्या पुढं. म्हणजे फ्री थ्रो लाइनचा मध्य. कोर्टच्या शेवटच्या रेषेपासून ही लाइन 5.80 मीटरवर असते आणि रिंगचा मध्य 1.575 मीटरवर. वजा केलं की सव्वाचार मीटर उरतात, तिथून शॉट जमण्यासारखा आहे. दोन्ही कोपरे तिथून सारख्या अंतरावर, साधारण सव्वाआठ मीटर. आणि रिंगसमोर उभ्या असलेल्या आपल्या माणसाला पास द्यायचा तर जेमतेम चार मीटर. बिगमॅनची उंची इथं वेगळ्या कामाला येते. त्याला सगळ्यांच्या डोक्यावरून दिसतं.

2023 साली डेन्व्हर नगेट्सनी अमेरिकेतली एनबीए लीग जिंकली, तेव्हा निकोला योकिच याच पट्ट्यात बॉल घेऊन सगळ्यांना खेळवायचा. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 41 वा निवडलेला माणूस, उड्या फार मारत नाही, पळण्यातही फार जोर नाही. आपला पोरगा योकिच नाही, मान्य. पण दुखापतीतून उठलेल्या, अजून पायावर पूर्ण भरवसा नसलेल्या उंच खेळाडूला सगळ्यात कमी उड्या मारायला लावणारी जागा हीच आहे.

एक अट मात्र आहे. त्याला पास देता आला पाहिजे. सराव सुरू करण्याआधी तपासून घ्या. फ्री थ्रो लाइनवर उभा करा, पाठ रिंगकडं. बॉल घेऊन वळायचं आणि कोपऱ्यातल्या पोराच्या छातीवर पास द्यायचा. डावीकडं दहा, उजवीकडं दहा. दोन्हीकडं सात-सात नीट गेले तर ही जागा त्याची. नाही गेले तर हट्ट धरू नका. त्या जागी दुसरा हुशार फॉरवर्ड उभा करा आणि बिगमॅनला शॉर्ट कॉर्नरला पाठवा. शॉर्ट कॉर्नर म्हणजे पेंटच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या पट्ट्याच्या) बाहेर, शेवटच्या रेषेजवळ, रिंगपासून तीन-साडेतीन मीटर बाजूला.

आपण धरून चालू की त्याला पास जमतो.

[पांढऱ्या सोंगट्या नव्यानं मांडत.]

मांडणी 1-3-1. वर पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढं आणून खेळ सुरू करणारा. दोन्ही बाजूंना विंग, मध्ये बिगमॅन. खाली एक रनर, जो बॉल ज्या बाजूला जाईल त्या बाजूच्या शॉर्ट कॉर्नरला पळत राहतो. हा रनर उंच नसला तरी चालतो, पण दमणारा नको.

बॉल मध्यात पोचवायचा कसा, इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पॉइंट गार्ड वरून सरळ पास मारतो. वरचे दोघं खांद्याला खांदा लावून उभे असतात, हात घातला की बॉल त्यांचा. आधी झोन हलवायचा. डावी विंग, परत वर, मग उजवी विंग. या तीन पासमध्ये वरच्या दोघांत फट पडते आणि उजव्या विंगकडून तिरका पास आत जातो.

बिगमॅननं तोवर लाइनवर खांबासारखं उभं राहायचं नाही. त्यानं खाली, मधल्या डिफेंडरच्या पाठीमागं थांबायचं, जिथं तो कुणाच्या नजरेत नाही. पॉइंट गार्डच्या हातातून बॉल उजव्या विंगकडं सुटला की त्याच क्षणी वर यायला निघायचं. बॉल विंगच्या हातात पडल्यावर निघाला तर उशीर झाला, फट बुजलेली असते. हे टायमिंग बसायला चार-पाच दिवस लागतात, आणि दुखापतीतून आलेल्या पोराला जरा जास्तच.

तीन सेकंदांचं भान ठेवा, बॉल आपल्याकडं असताना पेंटमध्ये सलग त्याहून जास्त थांबता येत नाही. पेंटच्या रेषा पेंटमध्येच धरतात, त्यामुळं रेषेवर पाय असला तरी मोजणी चालू. थांबताना पेंटच्या पूर्ण बाहेर थांबायचं. वर येऊन बॉल घेताना दोन्ही पाय फ्री थ्रो लाइनच्या अर्धा पाऊल वर असतील तर रेफरीकडं बघायची गरजच नाही.

बॉल आला. आता?

पहिलं काम, बॉल हनुवटीखाली, दोन्ही कोपरं बाहेर, आणि पिव्हट करून, म्हणजे एक पाय जागेवर रोवून वळून, तोंड रिंगकडं. ड्रिबल अजिबात नाही. पाठमोरा राहून त्यानं एक जरी ड्रिबल टाकला तरी वरचा गार्ड मागून हात घालून बॉल काढतो. उंच माणसाचा ड्रिबल उंच असतो, त्यामुळं तो काढायलाही सोपा. आणि पिव्हटवरून आठवलं, सिमेंटच्या कोर्टवर बारीक माती साचलेली असते. मॅचआधी ती जागा झाडून घ्या. बऱ्या झालेल्या घोट्यावर वळताना पाय सरकला तर महिनाभराची मेहनत गेली.

तोंड वळलं की नजर खालच्या मधल्या डिफेंडरवर. सगळं त्याच्यावर ठरतं.

तो वर आला तर रिंगसमोर कुणी उरलं नाही. रनरला बाउन्स पास, आणि त्याचा ले-अप, म्हणजे रिंगजवळून सोपा शॉट.

तो खालीच राहिला तर बिगमॅननं शॉट मारायचा. संकोच नको. पहिले दोन शॉट हुकले तरी तिसरा मारायचाच. हा माणूस शॉट मारत नाही असं एकदा त्यांना कळलं की मधला डिफेंडर वर येणारच नाही आणि सगळा खेळ बसतो.

तिसरी शक्यता, मधला वर आला आणि रनरला झाकायला डाव्या बाजूचा खालचा डिफेंडर आत सरकला. मग डावा कोपरा मोकळा. आपल्या डाव्या विंगनं तोवर खाली कोपऱ्यात उतरलेलं पाहिजे. तिथं एक बारीक गोष्ट सांगतो. तीन पॉइंटची रेष आणि साइडलाइन यांच्यात कोपऱ्यात फक्त 90 सेंटिमीटर जागा असते. बॉल घेताना पोरगं एक पाऊल मागं टाकतं आणि बाहेर जातं, पास चांगला असून बॉल गेला. म्हणून कोपऱ्यात आधीच पाय रोवून, गुडघे वाकवून थांबायचं.

आणि टेप घेऊन एकदा आपलं कोर्ट मोजा, खरंच. फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, 2010 मध्ये तीन पॉइंटची रेष 6.25 वरून 6.75 मीटरवर नेली आणि खाली पसरत जाणारा पेंट आयताकृती केला. जुन्या कोर्टवर जुनंच रंगकाम असेल तर तुमची पोरं रोज अर्धा मीटर आत उभं राहायची सवय लावून घेताहेत. स्पर्धेला गेल्यावर म्हणतात, शॉट लागत नाही!

समोरचे मॅन-टू-मॅन खेळले तर थोडक्यात सांगतो. बिगमॅननं वर येऊन पॉइंट गार्डच्या डिफेंडरला स्क्रीन द्यायचा, म्हणजे त्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं, आणि मग वळून रिंगकडं रोल व्हायचं. स्क्रीन देताना दोन्ही पाय जमिनीवर आणि अंग स्थिर. डिफेंडर पळत असेल तर त्याला थांबायला किंवा वळायला एक-दोन पावलांची जागा सोडावी लागते, नाहीतर फाउल आपल्यावर. परत आलेले खेळाडू इथं हमखास घाई करतात, सरकत सरकत स्क्रीन देतात. पहिल्या हाफमध्ये असे दोन फाउल झाले की तो अडकला, कारण पाच फाउलला खेळाडू बाहेर. आणि त्यांनी स्क्रीनवर माणसं बदलली, बिगमॅनवर एखादा छोटा गार्ड आला, तर तेवढ्या वेळी मात्र बोर्डखाली जा, पाठ लावून त्याला अडवून धरा आणि बॉल मागा. बोर्डखालचा खेळ वाईट नाही, तो आधी कमवावा लागतो.

आता दमाचं बोलू. डॉक्टरनं आणि फिजिओनं खेळायची परवानगी दिलेली आहे हे धरूनच पुढचं. सराव करणं आणि चाळीस मिनिटांची मॅच खेळणं यात फरक आहे. पहिल्या तीन मॅच त्याला चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत खेळवा, मिळून सोळा मिनिटं. सुरुवातीच्या पाचात घेऊ नका. आधी बाहेर बसून त्याला बघू द्या की समोरच्यांनी काय लावलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा सुजलेला दिसला तर पुढची वेळ कमी करा, तो कितीही नाही म्हणाला तरी.

दम कमी असला की तो पळताना सगळ्यात मागं राहणार. सर लोक यावर ओरडतात. ओरडू नका, वापर करून घ्या. बाकी चौघं पुढं पळून कोपरे आणि विंग भरतात, आणि हा मधून सावकाश येतो. पोचतो कुठं? बरोबर फ्री थ्रो लाइनवर, जिथं तो आपल्याला हवाय. परतीलाही फायदा आहे. बोर्डखालून समोरच्या पेंटपर्यंत जवळपास वीस मीटर पळावं लागतं. फ्री थ्रो लाइनवरून निघाला तर साडेसोळाच्या आत. फेरीमागं चार मीटर वाचले, साठ फेऱ्यांत किती झाले तुम्हीच काढा.

याची किंमतही आहे. तो वर उभा राहिला की आपले आक्रमणातले रिबाउंड कमी होतात. तो भार रनर आणि कोपऱ्यातल्या विंगवर येतो. त्यांना हे आधी सांगा, नाहीतर शॉट सुटल्यावर तिघं मिळून बॉल बघत उभे राहतात. पॉइंट गार्ड मात्र शॉट सुटताच मागं पळणार, त्याला रिबाउंडचा मोह नको.

फ्री थ्रो. मध्यात बॉल मिळायला लागला की समोरचे त्याला मारणार, आणि क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून प्रत्येकाला दोन फ्री थ्रो. दहापैकी सहा जरी टाकले तरी दोन फ्री थ्रोमागं सरासरी 1.2 पॉइंट. तुमच्या टीमचा दुसरा कुठला शॉट एवढं देतो? एनबीएतला शकील ओनीलसारखा अवाढव्य माणूस, पण कारकिर्दीत फ्री थ्रो 52.7 टक्के, म्हणून लोक त्याला मुद्दाम धरायचे. तेव्हा सरावाच्या शेवटी, दमलेला असताना, रोज पन्नास फ्री थ्रो. ताजा असताना मारलेले मोजू नका.

पहिले तीन दिवस डिफेंडरशिवाय, फक्त पाच जण. चौथ्या दिवसापासून डिफेंडर उभे करा, पण हात न घालता. सातव्या दिवशी खरा झोन. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपा, नऊनंतर आपलं सिमेंट तव्यासारखं तापतं आणि दमलेल्या पायानं टायमिंग शिकता येत नाही.

[वही कॅमेऱ्यासमोर धरत.]

बाकावरच्या एका पोराला वही द्या. दोन रकाने. आपल्या हातात बॉल आला, तो फ्री थ्रो लाइनवर किंवा पेंटमध्ये एकदा तरी गेला, तर डाव्या रकान्यात खूण आणि शेजारी मिळालेले पॉइंट. बाहेरच्या बाहेर फिरून शॉट झाला, तर उजव्या रकान्यात. समजा डावीकडं तीस खुणा, तेहतीस पॉइंट आणि उजवीकडं पस्तीस खुणा, एकवीस पॉइंट असं निघालं, तर पुढच्या मॅचला डाव्या खुणा चाळीस करायच्या, एवढंच काम. पण डाव्या खुणा भरपूर आणि पॉइंट नाहीत, असं दिसलं तर बिगमॅनला बाहेर काढू नका. पास कुठं गेला ते विचारा. बहुतेक वेळा तो कोपऱ्यात गेलेला असतो. मग कोपऱ्यातलं पोरगं बदला.