धावेवर कोरलेलं नाव

[दृश्य: नेब्रास्कातलं माळरान. कडेने गेलेले रूळ.]

अमेरिकेत नेब्रास्कातल्या स्कॉट्सब्लफजवळ रेल्वेच्या मार्गाची आखणी चालू होती. एकोणिसावं शतक संपत आलं होतं. मोजणीवाल्यांना गवतात एक लोखंडी पट्टी दिसली. बैलगाडीच्या चाकाची धाव. वाकवून जमिनीत रोवलेली आणि तिच्यावर छिन्नीने कोरलेलं: रिबेका विंटर्स, वय 50.

1852 च्या ऑगस्टमध्ये ही बाई कॉलऱ्याने गेली. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचं हे कुटुंब यूटामधल्या सॉल्ट लेकच्या वाटेवर होतं. लाकडी फळी त्या माळावर किती पावसाळे टिकणार? सोबतच्या एका स्नेह्याने चाकाची धाव घेतली, नाव कोरलं आणि थडग्यावर रोवली. त्या नावामुळे रेल्वेने रूळ थोडे सरकवले. बातमी सॉल्ट लेक सिटीला पोचली आणि रिबेकाची नातवंडं-पतवंडं सापडली.

इतकं नशीब फार थोड्यांचं. 1840 पासून पुढच्या तीसएक वर्षांत सुमारे 4 लाख माणसं बैलगाड्यांच्या या वाटांनी पश्चिमेला गेली, असा अंदाज आहे. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनपर्यंत 3,200 किलोमीटर, चार ते सहा महिने. गाडीत पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, अंथरूण-पांघरूण. माणसं बहुतेक पायीच. मग 10 मे 1869 ला यूटामध्ये पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली आणि बैलांचं काम संपत गेलं.

या वाटेवर नाका नव्हता, परवाना नव्हता. नाव लिहून घ्यायची कुणाला गरजच नव्हती. म्हणून या वाटेने गेलेला आपला पणजोबा जुन्या कागदांत शोधताना आधी एक विचारावं लागतं: या माणसाचं नाव लिहिण्यात कुणाचं काम अडलं होतं?

[दृश्य: जुन्या हस्तलिखित अर्जाचा कोपरा. शाईचे डाग.]

पहिलं उत्तर, जमीन. 1850 च्या कायद्याने ओरेगनमध्ये आधीच येऊन राहिलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला 320 एकर मिळत, जोडप्याला 640. त्यातली निम्मी बायकोच्या स्वतःच्या नावावर. 1850 साली! वर्षभरात लग्न उरकलं तरी चालणार होतं, त्यामुळे लगीनघाई उडाली. 13-14 वर्षांच्या पोरीही बोहल्यावर चढल्या. वंशावळ जुळवणारे या कागदांवर खूश असतात, पण त्या तारखांमागे हेही आहे.

हे कागद म्हणजे तिथला सातबाराच म्हणा, फक्त जास्त बोलका. अर्जदाराने शपथेवर सांगायचं: जन्म कुठला, कधीचा, लग्न कुठे झालं, ओरेगनात पाऊल कधी ठेवलं. वर साक्षीदारांच्या जबान्या. साक्षीदार कोण, हे नीट वाचावं. बऱ्याचदा तो जुन्या गावचा शेजारी किंवा सोयरा निघतो आणि आपलं माणूस अडलं, तर त्याच्या मागावर जाता येतं.

दुसरं उत्तर, शिरगणती. 1850 च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीचे नुसते आकडे. 1850 ला प्रथमच घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्मस्थान आलं. गुलामांची यादी वेगळी आणि तीही जवळजवळ सगळी बिननावाची. अशा पानावर बोट ठेवून खाली येत जावं. बाप ओहायोचा. थोरला इंडियानात जन्मला, मधली मिसूरीत आणि तान्हं ओरेगनात. कुटुंब कसं सरकत गेलं, ते पोरांच्या जन्मगावांतूनच कळतं. नावांच्या स्पेलिंगवर मात्र जाऊ नये, लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलंय. 1890 ची शिरगणती तर वॉशिंग्टनमधल्या 1921 च्या आगीमुळे जवळपास सगळी गेली.

मॉर्मनांचं काम वेगळं. त्यांच्याकडे कारकून असत. 1847 च्या पहिल्या तांड्यात विल्यम क्लेटन हा लेखनिक होता. रोजचं अंतर लोक अंदाजाने सांगत, ते त्याला पटेना. त्याने चाकाला लाल फडकं बांधलं आणि गाडीबरोबर चालत फेरे मोजले. 360 फेऱ्यांचा एक मैल. 8 मे ला त्याने मोजले 4,070 फेरे. दुसरा कुणी कंटाळून सोडून देता. याने फेरे मोजणारं लाकडी दातेरी यंत्र करवून घेतलं आणि पुढच्या वर्षी अंतरांची पुस्तिका छापली.

1847 ते 1868 मधल्या मॉर्मन तांड्यांच्या याद्या आज ऑनलाइन शोधता येतात. मृत पूर्वजांसाठी मंदिरात विधी करायचे, तर आधी त्यांची नावं हवीत, अशी त्यांची श्रद्धा. त्या नादात यूटाची वंशावळ संस्था थेट हरिद्वारपर्यंत पोचली आणि 1970 च्या दशकात तिने पंड्यांच्या वह्यांचं चित्रण सुरू केलं.

[दृश्य: रोजनिशीचं पान.]

रोजनिश्याही आहेत. अमेलिया नाइट 1853 च्या एप्रिलमध्ये आयोवाहून नवरा आणि सात मुलांसह निघाली. पाऊस, चिखल, गुरांचं गवत, सगळं लिहिलं. आपण गरोदर आहोत हे मात्र ती सरळ लिहीत नाही. ओरेगनात पोचल्यावर आठवं मूल झालं, तेव्हा वाचणाऱ्याला उलगडा होतो. वाटेत ऑगस्टमध्ये आठ वर्षांची लूसी मुक्कामावरच विसरली गेली. कित्येक मैल कुणाच्या लक्षातही आलं नाही. मागून आलेल्या तांड्याने पोरीला आणून सोडलं. म्हणून आपल्या माणसाने काही लिहिलं नसेल, तर मागच्या-पुढच्या तांड्यांच्या रोजनिश्या चाळाव्यात.

आणि ज्यांना कायद्याने जमीनच नाकारली, त्यांचं काय? जॉर्ज बुश हा कृष्णवर्णीय शेतकरी 1844 साली ओरेगनच्या वाटेने आला. कृष्णवर्णीयांना तिथे राहायला बंदी होती, म्हणून तो कोलंबिया नदीच्या उत्तरेला, आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या टमवॉटरला वसला. त्याचा हक्क मान्य करायला अमेरिकन संसदेला 1855 मध्ये खास कायदा करावा लागला. त्यामुळे त्याच्या 640 एकरांची नोंद थेट संसदेच्या दफ्तरात आहे.

त्याच्या शेतापासून जवळच, 26 डिसेंबर 1854 ला, मेडिसिन क्रीकचा करार झाला. निस्क्वाली, पुयालप आणि इतर जमातींनी सुमारे 22 लाख एकर जमीन सोडली, असं त्यात लिहिलंय. म्हणजे वाटप 1850 पासून आणि जमिनीच्या मालकांशी करार चार वर्षांनी. करारावर त्यांच्या प्रमुखांची नावं दुसऱ्याने लिहिली आहेत आणि प्रत्येक नावाशी सहीऐवजी फुली आहे. आज त्या जमातींतले लोक आपले पूर्वज शोधतात, तेव्हा हाही कागद उघडावा लागतो.