पहिल्या झटक्यानंतर शरीरात काय चालतं

श्रोतेहो, नमस्कार.

हृदयविकाराचा झटका येतो, वेळेत दवाखाना गाठला जातो, अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसतो आणि चार-पाच दिवसांत रुग्ण घरी येतो. भेटायला येणारे म्हणतात, "थोडक्यात निभावलं!" निभावलं हे खरंच. पण रक्तवाहिनी मोकळी झाली तरी शरीराचं काम तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं. ते काम आपली प्रतिकारशक्ती करते, आणि दुसऱ्या झटक्याचा धोकाही काही अंशी तिथेच ठरतो. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

रक्तपुरवठा थांबला की हृदयाच्या स्नायूतल्या पेशी मरू लागतात. मोठ्या झटक्यात त्यांची संख्या 100 कोटींच्या घरात जाऊ शकते. हृदयाच्या पेशी नव्याने तयार होतात, पण अगदी सावकाश: तरुणपणी वर्षाला साधारण 1 टक्का, म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. त्यामुळे गेलेल्या स्नायूच्या जागी स्नायू येत नाही, चिवट पांढरट व्रण येतो. हा व्रण चांगला भरावा म्हणून पांढऱ्या पेशी धावून येतात.

काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पेशी पोहोचतात आणि मेलेला भाग फोडायला घेतात. त्यांच्या मागोमाग मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी येतात, त्यांच्यापासून मॅक्रोफेज, म्हणजे मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी, बनतात. पहिले तीन-चार दिवस ते साफसफाई करतात, नंतर त्यांचं वागणं बदलतं आणि दुरुस्ती सुरू होते. व्रण पक्का व्हायला काही आठवडे लागतात. पांढऱ्या पेशींच्या या धावपळीला दाह म्हणतात. हा दाह वाईट म्हणून दाबून टाकावा, असं पूर्वी वाटलं होतं. 1970 च्या दशकात झटका आलेल्या रुग्णांना जोरदार स्टिरॉइड देऊन पाहिलं, तेव्हा काहींच्या हृदयाचं नुकसान उलट वाढलेलं दिसलं. दाह हवाच, पण वेळेवर थांबणारा हवा, हे तेव्हापासून डॉक्टरांच्या मनावर ठसलं.

मग या पेशी येतात कुठून? 2009 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की प्लीहेत, म्हणजे आपल्या पाणथरीत, मोनोसाइटचा मोठा साठा तयार असतो आणि झटका येताच तो रक्तात उतरतो. 2012 मध्ये त्याच गटाने पुढची गोष्ट दाखवली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. झटक्याच्या वेदनेने आणि भीतीने चेतासंस्था खवळते, तिचा निरोप अस्थिमज्जेपर्यंत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजापर्यंत जातो, तिथल्या रक्तपेशी घडवणाऱ्या मूळपेशी बाहेर पडून प्लीहेत मुक्काम करतात आणि महिनोन् महिने नव्या दाहक पेशी बनवत राहतात. या पेशी हृदयाच्या जखमेपुरत्या थांबत नाहीत. दुसऱ्या रक्तवाहिन्यांत चरबीचे जे थर आधीच साठलेले असतात, त्यांतही त्या शिरतात. थर वाढतात, ठिसूळ होतात. म्हणजे एका जागी बरं करायला निघालेली यंत्रणा दुसऱ्या जागी नवा धोका तयार करते. स्टेंट फक्त एका जागेचा अडथळा दूर करतो, बाकीच्या वाहिन्यांचं काय, हा प्रश्न शिल्लकच असतो.

आणि खरंच दुसरा झटका आला तर? 2020 मध्ये उंदरांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं की दुसऱ्या वेळी अस्थिमज्जा तितक्या जोमाने उठत नाही, पांढऱ्या पेशी कमी येतात. पहिल्या झटक्याची आठवण मज्जेत राहते, असं म्हणायला हरकत नाही. म्हणून पहिल्या झटक्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

कधीकधी प्रतिकारशक्ती वेगळ्याच प्रकारे त्रास देते. झटक्यानंतर काही आठवड्यांनी ताप येतो आणि छातीत दुखतं. श्वास घेताना किंवा आडवं पडल्यावर जास्त, पुढे वाकून बसल्यावर कमी. याला ड्रेसलर सिंड्रोम म्हणतात. न्यूयॉर्कच्या डॉ. विल्यम ड्रेसलर यांनी 1956 मध्ये त्याचं वर्णन केलं. आता तो क्वचित दिसतो. पण झटका येऊन गेलेल्या माणसाने छातीत दुखल्यावर कारण स्वतः ठरवू नये, लगेच दवाखान्यात जावं.

आता औषधांकडे येऊ. दाहाचा एकच धागा पकडून तो सैल केला तर? 2017 मध्ये 10,000 हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनने पुन्हा होणारे हृदयाचे किंवा मेंदूचे गंभीर त्रास सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे संसर्ग थोडे वाढले, आणि किंमत तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची. मग लक्ष गेलं कोल्चिसिनकडे, गाऊट या सांध्यांच्या आजारावरच्या जुन्या, स्वस्त गोळीकडे. 2019 च्या चाचणीत झटक्यानंतर महिन्याभरात ती सुरू केलेल्यांपैकी 5.5 टक्के लोकांना पुन्हा हृदयाचा किंवा मेंदूचा गंभीर त्रास झाला, न घेणाऱ्यांत हेच प्रमाण 7.1 टक्के होतं. 2024 मधल्या मोठ्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही. त्यामुळे ही गोळी कुणाला द्यायची, हा निर्णय डॉक्टरांचाच. आणि एक कळकळीची विनंती: हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीतही असतं, पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलं येणाऱ्या त्याच वेलीत. तिचा कंद किंवा बी औषध म्हणून कुणीही खाऊ नका. थोडंसंही प्राणघातक ठरतं.

कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, दाहही कमी करते. "आता बरं वाटतंय" म्हणून ती मनाने बंद करणारे फार भेटतात. दाह शमायला महिने लागतात हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शेवटी फ्लूची लस. फ्लूच्या संसर्गाने शरीरातला दाह पुन्हा भडकतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वीडनच्या पुढाकाराने आणि बांगलादेशासह आठ देशांत झालेल्या चाचणीत झटक्यानंतर रुग्णालयातच ही लस दिलेल्यांपैकी वर्षभरात 2.9 टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांपैकी 4.9 टक्के. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून घरात असा रुग्ण असेल तर मे महिन्यातच डॉक्टरांकडे या लशीची चौकशी करा.

नमस्कार.