महागाचं पाकीट आणि आतली डाळ
(समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटांच्या मेळाव्यात झालेलं व्याख्यान, थोडं नीट करून लिहिलेलं)

मागच्या ताई, जरा पुढं सरका, माईकचा आवाज तिथपर्यंत नीट जात नाहीये. हां, आता ठीक आहे.

तर आज बोलायचं आहे ते सुपरमार्केटमधल्या महागाच्या मालाबद्दल. आता हिंगणघाट-वर्ध्याला गेलं की त्या एसीच्या दुकानात आपण सगळेच शिरतो, पोरांना तर तिथंच जायचं असतं, आणि घरी आल्यावर प्रत्येकाचं मत वेगळं असतं. एक काकू म्हणाल्या, "पैसे जास्त घेतात तं माल बी चांगलाच देत असन." दुसऱ्या म्हणाल्या, "दिसाले चकचकीत, खाले काही नाई." मला या दोन्ही मतांबद्दल मनापासून बोलायचं आहे, कारण दोघीही खोटं बोलत नाहीयेत. गडबड अशी होते की आपण मत दुकानाबद्दल करतो. 'तिथला माल चांगला' किंवा 'तिथं लुटतात', बस्स. पण आपण खातो डाळ, तेल, हळद, पीठ. एकाच दुकानात एका वस्तूचे जास्तीचे पैसे वाजवी असतात आणि शेजारच्या रॅकवर तेवढेच पैसे वाया जातात. म्हणून मत वस्तूगणिक करायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे, बाकी सगळी उदाहरणं.

तुरीपासून सुरू करू, कारण वरणाशिवाय आपलं जेवण होत नाही आणि तूर आपल्याच वावरात आहे. 2025-26 चा तुरीचा हमीभाव 8000 रुपये क्विंटल, म्हणजे किलोला 80. बाजारात तेवढा मिळतो की नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, पण हिशोबाला धरू. क्विंटलभर तुरीची डाळ मिलमध्ये साधारण 70 किलोच्या आसपास निघते, बाकी चुनी आणि फोलपट. म्हणजे डाळीच्या एका किलोत तूरच झाली 115 रुपयांच्या आसपास. त्यावर मिलची मजुरी, ग्रेडिंग, पाकीट, गाडीभाडं, दुकानाचं भाडं, लाईट बिल, जाहिरात. शिवाय 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या डाळ-तांदूळ-पिठावर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर तो नाही. आता समजा पाकिटावर 220 लिहिलंय. तर 115 आणि 220 मधलं अंतर कशाचं आहे हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्यातलं काही खरंच आपल्या कामाचं असतं, काही नसतं.

कामाचं काय ते आधी सांगते. खडे नसतात, दाणा एकसारखा असतो, पॅकिंगची तारीख असते, माल कोणाचा ते लिहिलेलं असतं. जी बाई दिवसभर निंदण करून संध्याकाळी सहाला घरी येते, तिला बल्बच्या उजेडात डाळ निवडत बसायला लागू नये, ही काही चैनीची गोष्ट नाही हो. तिच्या अर्ध्या तासाला किंमत आहे. घरात कोणी त्याचे पैसे देत नाही म्हणून ती किंमत शून्य होत नाही. त्यामुळं कोणी निवडलेल्या डाळीला दहा-वीस रुपये जास्त दिले तर तिला उधळी म्हणू नका.

पण चकाकीचे पैसे देऊ नका. डाळीला चमक येते ती पॉलिशनं, पाण्याचा नाहीतर तेलाचा हात देऊन घासलेली असते ती. त्यानं चव वाढत नाही, पोषणही वाढत नाही. आपल्या आज्या तुरीला तेलपाणी लावून, उन्हात वाळवून, जात्यावर भरडायच्या, ती डाळ मळकट दिसायची आणि वरणाचा वास घरभर सुटायचा. आज तीच मळकट डाळ 'अनपॉलिश्ड' म्हणून जास्त भावात मिळते, आणि मी म्हणेन पॉलिशवाली आणि ही यांत निवडायचं असेल तर हीच घ्या, पण त्याआधी गावातल्या मिनी डाळमिलवर जाऊन या. तुमची स्वतःची तूर असेल तर विचारच करू नका. वर्षभराची तूर सगळी विकून टाकायची आणि मग पाकीट आणायचं हे बघून मला खरंच वाईट वाटतं. घरापुरती क्विंटलभर मागं ठेवा.

आता एक गोष्ट अशी की ती मतांमध्ये नेहमी येते. "मॉलातली डाळ दोन शिट्ट्यांत शिजते, दुकानातली शिजतच नाई." हे खरंही असू शकतं, डाळ जुनी असली, उन्हाळ्यात गोदामात तापलेली असली की कडक होते. पण कधीकधी गुन्हा पाण्याचा असतो. बोअरचं जड पाणी, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, त्यात कोणतीही डाळ उशिरा मऊ होते. मग तुम्ही महागाची डाळ आणली त्या दिवशी पाणी नळाचं होतं की बोअरचं, हे आठवून बघा. दोन डाळींची तुलना करायची तर पाणी एक, भांडं एक, भिजवायचा वेळ एक. नाहीतर आपण दुकानाला शाबासकी देतो आणि ती खरी असते नळयोजनेची.

हळदीला या, हळदीबद्दल तर आपल्या तालुक्यानं ताठ मानेनं बोलावं. आपल्याच तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाचीच खासियत असल्याची सरकारी नोंद, मिळालं, भिवापूरच्या मिरचीलाही आहे, नागपुरी संत्र्यालाही. वायगावच्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, 6 टक्क्यांच्या वर असतं म्हणून तिचं नाव आहे. शहरातल्या रॅकवर 'हाय कर्क्युमिन' लिहिलेली छोटी डबी दिसते ना, शंभर ग्रॅमची, ती हातात घेऊन आधी बघा की आकडा लिहिलाय का. आकडा नसेल तर नुसत्या शब्दाचे पैसे आहेत ते. आणि घरी एक सोपी परीक्षा करा, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पुस्तिकेतच दिलेली आहे: ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, ढवळायचं नाही. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं ठेवते, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. तिखटाचंही तसंच, पाण्यावर भुरभुरलं आणि रंगाचे ओघळ खाली उतरायला लागले की समजायचं. ही परीक्षा आठवडी बाजारातल्या सुट्या हळदीलाही लावा आणि महागाच्या डबीलाही लावा. दोघांना एकच नियम.

तेलाचं मात्र मी उलटं बोलणार आहे. तिथं महाग असणं बरेचदा खरं असतं. घाण्यावर किलोभर शेंगदाणा तेल काढायला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे सव्वाशे रुपये किलो धरले तर तीनशेच्या वर दाण्याचेच झाले, ढेप विकून थोडे परत येतील, मजुरी वेगळी. म्हणून कोणी तुम्हाला दोनशे रुपयांत घाण्याचं शुद्ध शेंगदाणा तेल देतो म्हणाला तर गणित जमत नाही हो, काहीतरी मिसळलेलं आहे. इथं स्वस्ताला हात जोडायचे. जवसाचं तेवढं लक्षात ठेवा, दळलेल्या जवसाचं महागाचं पाकीट घेऊ नका, जवस दळला की लवकर खवट होतो. अख्खा घ्या, भाजा, चटणीपुरता कुटा.

पाकीट उलटं करायची सवय लावा. मागच्या बाजूला घटक लिहिलेले असतात आणि जो जास्त वजनाचा तो आधी, हा नियम आहे. मल्टीग्रेन आट्यावर समोर नाचणी-ज्वारीचं चित्र मोठं असतं, मागं बघितलं की पहिला नंबर गव्हाचा आणि बाकीची धान्यं चिमूटभर. ज्वारी आपल्याकडं आहे, गिरणी आपल्याकडं आहे, दोन किलो गव्हात अर्धा किलो ज्वारी टाकून दळून आणा. आइस्क्रीम घेताना डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलंय का बघा, ते वनस्पती तेलाचं असतं, दुधाच्या फॅटचं नाही. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव पण छापलेला असतो बारीक अक्षरात, 400 ग्रॅमचं पाकीट किलोच्या शेजारी स्वस्त दिसतं तेव्हा तो आकडा वाचा. चष्मा नसेल तर शाळेतल्या पोराला वाचायला सांगा, त्याचाही अभ्यास होतो.

संत्र्याचं एकच सांगते. जानेवारीत रॅकवर स्टिकर लावलेली, मेण चढवलेली चकचकीत फळं असतात ती बहुतेक पंजाबकडचा किन्नू असतो. साल घट्ट, बिया भरपूर. वाईट फळ नाही ते, रसाला छान आहे, पण आपलं संत्रं समजून जास्तीचे पैसे देऊ नका. आपल्याचं साल ढिलं असतं, अंगठा घातला की सुटतं. संत्र्याचे दोन हंगाम, अंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा रस्त्याच्या कडेच्या ढिगातून घ्या.

एका ताईंनी आत्ता विचारलं की माल खराब निघाला तर काय. ताई, त्या बाबतीत मोठ्या दुकानाचा फायदा आहे, तिथं बिल मिळतं. ते बिल माल संपेपर्यंत डब्याला चिकटवून ठेवा, पाकीट फाडून फेकू नका, त्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी लायसन्स नंबर असतो. आधी दुकानात बदलून मागा, लाजू नका, आपले पैसे आहेत. नाही ऐकलं तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि जे गट इथं डाळ, हळद, तिखट विकतात त्यांनी पण स्वतःच्या पाकिटावर पॅकिंगची तारीख, वजन, लायसन्स नंबर नीट छापायचा, शिक्का मारून चालेल पण वाचता आला पाहिजे. पुढच्या मीटिंगला प्रत्येक गटानं आपलं एक पाकीट आणा, आणि कोणीतरी सुपरमार्केटची एक डाळ, कोणी किराण्याची, एक घरची. तिन्ही एकाच पाण्यात शिजवू आणि मग बोलू.